पाटलोणीवरची चड्डी

चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकाने आपल्या आवडीनिवडी सांगताना काही पथ्ये पाळावीत, अशी लोकांची अपेक्षा असते. नाट्यगीते आवडतात म्हणावे, तुकोबांची गाथा आवडते म्हणावे, फार तर झुणका-भाकर आवडते म्हणावे. माझी पंचाईत अशी की, या तिन्ही गोष्टी मला आवडतातच. पण त्यांच्या जोडीला मला सुपरमॅन आवडतो. वयाच्या आठव्या वर्षापासून आवडतो. त्याचे चांगले चित्रपट आवडतात आणि वाईट चित्रपट तर जरा जास्तच आवडतात, कारण त्यांची बाजू घेणारा दुसरा कुणी नसतो. हे मी शिक्षकांच्या खोलीत बोललो की आधी हशा होतो आणि मग कुणीतरी तो ठरलेला विनोद करतो : "तोच ना हो, पाटलोणीवर चड्डी घालणारा?" हा विनोद मी पस्तीस वर्षे ऐकतो आहे. करणाऱ्याला मात्र दर वेळी तो आपल्यालाच प्रथम सुचला असे वाटते.

संपादकांनी यंदा पत्र धाडले, त्यात "दिवाळीला साजेसे, घरात सर्वांनी वाचावे असे काहीतरी" मागितले होते. फराळाच्या ताटाशेजारी भांडण मांडून बसू नये हे मला कळते. पण फटाके चालतात तर एवढे चालायला हरकत नसावी. तेव्हा वाचकहो, चकली हातात असू द्या आणि मला जरा भांडू द्या.

चड्डीपासूनच सुरुवात करतो. सुपरमॅन जन्मला तो अमेरिकेतल्या क्लीव्हलंड गावी, दोन गरीब पोरांच्या डोक्यात. जेरी सीगल लिहिणारा आणि जो शुस्टर चित्रे काढणारा. दोघांचीही घरे युरोपातून पोट भरायला आलेल्या ज्यूंची. सीगलचे वडील कापडचोपडाचे दुकान चालवीत. १९३२ साली दुकानात चोर शिरले, त्या प्रसंगात त्या माणसाचे हृदय बंद पडले आणि ते गेले. पुढे त्याच मुलाने बंदुकीची गोळी ज्याच्या छातीवरून घरंगळून पडते असा माणूस कल्पिला. या दोन गोष्टींचा संबंध ज्याचा त्याने लावावा. शुस्टरला त्या माणसाला पोशाख द्यायचा होता. त्या काळी जगात सर्वांत बलवान माणूस कुठे दिसे? सर्कशीत. अंगासरशी तंग पोशाख आणि वर आखूड चड्डी, हा सर्कशीतल्या पहिलवानाचा गणवेश. तो त्याने उचलला. आता ज्या मराठी मुलखात विष्णुपंत छत्र्यांनी १८८० सालीच सर्कस काढली, जिथे कसरतपटूला पाहून माणसे टाळ्या पिटत आली, जिथे मल्लाने लांग कसली की आखाडा उठून उभा राहतो, त्या मुलखातल्या माणसाने या चड्डीला हसावे म्हणजे आपल्याच आजोबांच्या मुंडाशाला हसण्यासारखे झाले.

या दोघा पोरांनी १९३८ साली आपल्या मानसपुत्राचे सगळे हक्क विकले, ते १३० डॉलरांना. पुढे त्याच्यावर चित्रपट कंपन्यांनी किती कमावले त्याची गणती नको. १९७५ साली, म्हणजे दोघे साठीला टेकल्यावर, कुठे त्यांना वार्षिक नेमणूक बांधून मिळाली. मी कादंबऱ्या लिहितो. १३० डॉलरांचा हा आकडा वाचला तेव्हा मला या दोघांविषयी जो बंधुभाव वाटला तो प्रकाशकांसमोर बोलून दाखवता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर चेहऱ्याने घेतला जातो. आमच्या तालुक्यातल्या एका शिक्षक-मेळाव्यात एका वक्त्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितले की, वेशीवेशीवर मारुती उभा असताना आपल्या पोरांना हा परदेशी उडता पाहुणा हवा कशाला? टाळ्या पडल्या. असल्या वाक्याला टाळ्या पडतातच.

पण मारुतीला स्पर्धक म्हणून सुपरमॅनला आणला कुणी? उलट माझा अनुभव असा की, ज्या पोराने शनिवारी मारुतीला तेल घातले आहे त्याला सुपरमॅन समजावून सांगावा लागत नाही. चाफळला जाऊन पाहा. समर्थांनी तिथे रामाच्या समोर हात जोडलेला दासमारुती उभा केला आणि देवळाच्या मागे प्रतापमारुती. देव एकच, रूपे दोन. डोंगर उचलणारा तोच आणि मान लववून उभा राहणारा तोच. सुपरमॅनचेही नेमके हेच आहे. आभाळातून झेपावणारा तो आणि चष्मा लावून वर्तमानपत्राच्या कचेरीत मान खाली घालून टंकलेखन करणारा, साहेबाची बोलणी खाणारा क्लार्क केंट तोच. हा दासमारुती ज्याला ओळखता आला नाही त्याने प्रतापमारुतीची कितीही स्तोत्रे म्हटली तरी त्याचा मारुती अर्धाच राहिला, असे मी त्या वक्त्यांना चहाच्या वेळी नम्रपणे सांगितले. त्यांनी माझे शिक्षण विचारले. मी मॅट्रिक आहे. चित्रकलेच्या दोन परीक्षा आणि पदविका यांवर मास्तरकी करतो. त्यावर ते "अस्सं" म्हणाले, आणि वाद त्यांच्यापुरता संपला.

शिवाय मारुतीचा दाखला आमच्या जिल्ह्यात जरा जपून द्यावा. पाथर्डी तालुक्यात नांदूर निंबादैत्य नावाचे गाव आहे. तिथले दैवत निंबादैत्य. गावात मारुतीचे देऊळ नाही, मुलाचे नाव मारुती ठेवीत नाहीत, फार काय, मारुती बनावटीची मोटारही कुणी दारात आणीत नाही. त्या गावच्या पोरांनी मग उडणारा कुणी पाहायचाच नाही की काय?

आणि परदेशी म्हणाल तर, उडणारा माणूस पडद्यावर आणण्याची विद्याही आपण परदेशातूनच घेतली. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ती घेतली आणि १९१७ साली 'लंकादहन'मध्ये हनुमान उडवून दाखवला. विद्या विलायती आणि देव आपला, याला तेव्हा कुणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. १९६० साली जयराज यांना घेऊन मुंबईत सुपरमॅनचे हिंदी चित्रपटही निघाले. म्हणजे या पाहुण्याला आपल्या ओसरीवर येऊन साठ वर्षांच्या वर झाली. इतक्या वर्षांत पाहुणा घरचा होतो. आमच्याकडे तर तीन दिवसांत होतो.

माझी आणि त्याची पहिली भेट मढीच्या यात्रेत झाली. होळीपासून पाडव्यापर्यंत कानिफनाथांच्या गडाखाली भरणारी ही यात्रा गाढवांच्या बाजारासाठी नावाजलेली. त्या बाजारापलीकडे तंबूतला सिनेमा लागे. साल १९८८. चित्रपट आदल्या वर्षी निघालेला हिंदी 'सुपरमॅन'. पुनीत इस्सार सुपरमॅन झालेला आणि धर्मेंद्र त्याचा बाप. तंबूत गर्दी एवढी की, आम्हां पोरांना पडद्याच्या मागे बसवले. तिथून सगळे उलटे दिसे. उजवा हात डावीकडे आणि पाट्यांवरची अक्षरे आरशातल्यासारखी. सुपरमॅन उडाला तेव्हा जनरेटर अडखळला, पडदा काळा झाला आणि बाहेर चारदोन गाढवे ओरडली. दिवा परत आला तेव्हा तो उतरलेला होता. उडाला किती आणि उतरला कसा हे मी आजतागायत पाहिलेले नाही, आणि मुद्दाम पाहिलेले नाही. तो चित्रपट चांगला नाही हे मला ठाऊक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झाले आणि पाहतो तर आमचा सुपरमॅन दुर्योधन होऊन मांडीवर थाप मारतो आहे! आठ वर्षांच्या पोराला त्या धक्क्यातून सावरायला बराच वेळ लागला.

खरा सुपरमॅन मला पुढे श्रीरामपूरला मामांच्या गल्लीत भेटला. गणपतीत वर्गणी काढून भाड्याचा व्हिडिओ आणला होता आणि रात्री एकच्या पुढे, बायामाणसे घरी गेल्यावर, १९७८ सालचा इंग्रजी चित्रपट लागला. रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेला, क्रिस्तोफर रीव्ह यांनी काम केलेला. इंग्रजी कुणालाच कळत नव्हते. पण त्यात एक जागा आहे, तिला भाषा लागत नाही. क्लार्क केंट आपल्या मैत्रिणीच्या घरी आलेला असतो. ती आतल्या खोलीत. याच्या मनात येते की आता हिला सगळे सांगून टाकावे. तो चष्मा काढतो. आणि फक्त ताठ होतो. खांदे मागे जातात, मान वर येते, छाती भरते, पोक गेलेले असते, आणि कपडे तेच असूनही समोर दुसराच माणूस उभा! मग त्याचा धीर सुटतो. चष्मा परत नाकावर, खांदे परत खाली, आवाज परत घोगरा. कुठली यंत्रकरामत नाही, तार नाही. एका नटाची पाठ, बस्स.

मी पुढे चित्रकलेचा मास्तर झालो त्याला अनेक कारणे असतील, पण हे एक नक्की आहे. अजूनही सातवीच्या वर्गात माणूस काढायला शिकवताना मी फळ्यावर आधी पाठीच्या कण्याची एकच रेघ ओढतो. रेघ वाकवली की कारकून, सरळ केली की सुपरमॅन. पोरांना पटकन कळते. १९९५च्या मे महिन्यात रीव्ह घोड्यावरून पडले आणि त्यांचा तोच कणा मानेपासून निकामी झाला. पुढची नऊ वर्षे ते चाकांच्या खुर्चीत, यंत्राच्या श्वासावर जगले, मज्जारज्जूच्या संशोधनासाठी पैसे जमवीत फिरले, आणि १० ऑक्टोबर २००४ रोजी गेले. बातमी कळल्यावर मी वर्गात ती रेघ ओढली नाही. निसर्गचित्र दिले.

त्या चित्रपटात दुसरी एक जागा आहे, ती पुष्कळांना फालतू वाटते. आभाळातून पडणारी बाई झेलून, कोसळते हेलिकॉप्टर एका हाताने धरून झाल्यावर हा गृहस्थ एका लहान मुलीचे झाडावर अडकलेले मांजर उतरवून देतो. (शेवटी पृथ्वी उलटी फिरवून काळही मागे नेतो, हा भाग मी भूगोलाच्या सरांना सांगत नाही.) माझे म्हणणे असे की, सगळा सुपरमॅन त्या मांजरात आहे. ज्याच्या अंगात पर्वत हलवण्याचे बळ आहे त्याने ते मांजर नखही न लागू देता उतरवावे, यात खरी करामत आहे. बळ तर बुलडोझरलाही असते.

मूळचा सुपरमॅन असाच होता. १९३८ सालच्या पहिल्याच गोष्टीत तो काय करतो? बायकोला मारणाऱ्या नवऱ्याची मानगूट धरतो. आणि जिचा गुन्हा नाही अशा एका बाईला मृत्युदंडापासून सोडवतो. पुढे दोनच अंकांनी एका खाणमालकाला त्याच्याच धोकादायक खाणीत कोंडतो, म्हणजे मजुरांचे जिणे त्याला कळावे. १९४६ साली अमेरिकन रेडिओवर तो काळ्या माणसांवर आणि ज्यूंवर जुलूम करणाऱ्या बुरखेवाल्या टोळक्यांविरुद्ध सोळा भाग लढत होता. आपल्या पोरांवर यातला कुठला कुसंस्कार होईल अशी भीती वाटते, ते टेबलावर मूठ आपटणाऱ्यांनी सांगावे.

एक आक्षेप मात्र खरा आहे. १९९७ नंतर दूरदर्शनवर 'शक्तिमान' जोरात असताना, तो वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या आल्या, वाद झाला. ज्याच्या वर्गात साठ पोरे बसतात त्याला अशा बातमीवर हसता येत नाही. पण म्हणून नायक काढून टाकावा? आम्ही लहानपणी ज्ञानेश्वरांची भिंत चालताना ऐकली, ती ऐकून कुणी भिंतीवर बसून खाली ढकला म्हणाला नाही, कारण सांगणारी आजी शेजारी बसलेली होती. मुलाला पडद्यासमोर एकटे सोडायचे आणि दोष पडद्याला द्यायचा, ही सोय मोठ्यांनी लावली आहे. मी मुलांना सांगतो की, सुपरमॅनची नक्कल जरूर करा, पण चष्मेवाल्याची करा.

आता ज्यांच्याशी माझे खरे वैर आहे त्यांच्याकडे वळतो. ते सुपरमॅनला हसणारे नव्हेत. त्याला लाजणारे.

२०१३ साली 'मॅन ऑफ स्टील' आला. खर्च बावीस कोटी डॉलरांच्या घरात. मी नोकरीत पहिल्यांदा किरकोळ रजा काढून पुण्याला गेलो. पाहतो तर चड्डी नाही! निळा रंग काळवंडलेला, लाल रंग शिळा झालेला, तोंडावर हसू नाही. इमारतींमागून इमारती पत्त्यांसारख्या पडताहेत, आणि शेवटी हा आपल्या दोन हातांनी शत्रूची मान मोडतो. कडाड असा आवाज झाला. माझ्या शेजारी एक आठनऊ वर्षांचा मुलगा बसला होता, त्याने बापाकडे पाहिले. बाप पडद्याकडे पाहत होता.

या चित्रपटाचे वकील म्हणतात, त्याच्यापुढे इलाजच नव्हता. मान मोडली नसती तर शत्रूने एक कुटुंब जाळले असते. मी कादंबरीकार आहे, मला हे सांगू नका. पात्राला कोपऱ्यात गाठणारा लेखकच असतो. भिंती त्याने बांधल्या, दार त्याने लावले आणि वर म्हणायचे की बाहेर पडायला वाट नव्हती! खरी गोष्ट अशी की, या मंडळींना मांजर उतरवणाऱ्याची लाज वाटू लागली होती. पोरकट दिसू नये म्हणून त्यांनी त्याला क्रूर केले. क्रौर्य म्हणजे प्रौढपणा, ही समजूत हल्ली चित्रपटांतच आहे असे नाही. ती पुढाऱ्यांच्या भाषणांतही आहे आणि आमच्या काही शिक्षकांच्या छड्यांतही होती.

२०२५ साली नवा 'सुपरमॅन' आला. चड्डी परत आली. दिग्दर्शक जेम्स गन यांनी सांगितलेली हकीकत अशी की, चड्डी ठेवावी की नाही याचा खल चालू असताना नायकाचे काम करणाऱ्या डेव्हिड कोरेनस्वेट यांनीच तिची बाजू मांडली : आभाळातून उतरणाऱ्या इतक्या बलाढ्य परक्याला पाहून मुले भ्यायची, त्यांनी भिऊ नये म्हणून वेष असा हवा. हे वाचून मला उठून नाचावेसे वाटले. पस्तीस वर्षे ज्या विनोदाला मला उत्तर सापडले नव्हते ते त्या पोराने एका वाक्यात दिले. या चित्रपटात तो मांजर नाही पण एक खार वाचवतो. भलामोठा राक्षस शहर तुडवतो आहे आणि हा खार उचलून बाजूला ठेवतो. रामाच्या सेतूवरची खार ज्यांच्या गोष्टीत आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे येताना त्यातले एक चुंबन कात्रीत सापडले. खार वाचली हे नशीब.

पण बावीस कोटी डॉलर खर्चून अमेरिकेला जे साधले नाही ते त्याआधीच आमच्या शेजारी साधले होते. नगर-मनमाड रस्त्याने कोपरगाव सोडावे, येवला आणि मनमाड मागे टाकावे, की पुढे मालेगाव लागते. यंत्रमागांचे गाव. शुक्रवारी माग बंद, आणि मग सगळा कामगार सिनेमाला. तिथे नासिर शेख नावाच्या, पूर्वी व्हिडिओगृह चालवणाऱ्या माणसाने मित्रांना जमवून 'मालेगाव के शोले' काढला आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'. कॅमेरा वर न्यायला यारी नाही, मग बैलगाडी. कॅमेरा सरकवायला रूळ नाहीत, मग सायकल. माणूस उडवायला हिरवा कपडा. चित्रण चालू असताना कॅमेराच पाण्यात पडला, तोही वाळवून घेतला. सुपरमॅन झाला होता शफीक शेख, मागावर काम करणारा, अंगाने काडी. निळा पोशाख त्याच्या अंगावर दांडीवर वाळत घातल्यासारखा दिसे. आणि त्याची लढाई कुणाशी? परग्रहावरच्या सेनापतीशी नव्हे. गावाला लागलेल्या तंबाखूच्या व्यसनाशी.

फैजा अहमद खान यांनी या धडपडीवर २००८ साली माहितीपट केला. त्याच्या आधी दोन वर्षे, सप्टेंबर २००६ मध्ये, त्या गावात बॉम्बस्फोट झाले होते. माहितीपट पूर्ण झाला त्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा एक झाला. वर्तमानपत्रांत मालेगावचे नाव यायचे ते या बातम्यांत. त्याच गावात ही माणसे विनोदी सुपरमॅन काढीत बसली होती. २०२५च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' आला, तेव्हा पुण्यामुंबईचे रसिक डोळे पुसत बाहेर पडले आणि म्हणाले, "किती गोड आहेत हो ही माणसे!" हा गोडवा मला सोसत नाही. मागावर उभ्याने राबून एक सुटीचा दिवस मिळतो, त्यात बैलगाडीवरून चित्रण करणारी माणसे गोड नसतात. हट्टी असतात. शफीकच्या बरगड्या दिसतात म्हणून तुम्ही हसता. पण बरगड्या दिसणाऱ्या माणसाने लोकांसाठी उडायचे ठरवावे, हेच सीगल आणि शुस्टर यांच्या मनात होते. त्या दोघांपैकी तरी कोण पहिलवान होता? शफीक पुढे ऐन तारुण्यात कर्करोगाने गेला. त्याच्या सुपरमॅनचे वैर कुणाशी होते ते वर सांगितलेच आहे.

हे सगळे मी आत्ताच का उगाळतो आहे, तेही सांगतो. मागल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधी तालुक्याची एक चित्रकला स्पर्धा झाली. विषय : माझा आदर्श. आमच्या शाळेतून सहावीतल्या एका मुलाचे चित्र मी पाठवले. त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की ट्रकमध्ये बसायचे आणि फड संपेपर्यंत कारखान्याच्या भोवती कोपीत राहायचे. पोरगा आजीजवळ. त्याने सुपरमॅन काढला होता. निळा पोशाख, लाल चड्डी, पाठीवरच्या कापडाला दोन ठिगळे. आणि डोक्यावर, दोन्ही हातांनी धरलेली, सबंध टायरगाडी. तीत उसाच्या मोळ्या आणि मोळ्यांवर बसलेली एक बाई आणि एक माणूस. खाली गावाची कमान. म्हणजे तो त्यांना घरी आणीत होता.

मी विचारले, "अरे, बैल कुठे आहेत?"

म्हणाला, "सर, बैल सोडले. दमले व्हते."

"आणि हा एवढे ओझे उचलतो, याला मजुरी?"

"त्याला काय लागत न्हाई. आपल्याला आधी उचल घ्यावी लागती. त्यो नुसतं उचलतो."

चित्र परत आले ते पाठीमागे लाल शाईचा शेरा घेऊन : 'विषय सोडून. परकीय प्रभाव. आदर्श व्यक्ती राष्ट्रीय असावी.' गुण शून्य. बक्षीस मिळाले नाही याचे मला दुःख नाही. रेघ अजून कच्ची आहे, टायरगाडीचे चाक अंडाकृती झाले आहे, ते मीही सांगितले असते. पण ज्या परीक्षकांना त्या कागदावर परदेश दिसला त्यांना टायरगाडी दिसली नाही, कोयता दिसला नाही, ठिगळे दिसली नाहीत, कमानीवरचे आमच्या गावाचे नाव दिसले नाही. पोराने अमेरिकेच्या माणसाला पाथर्डीच्या फडावर राबायला आणला होता. याहून त्याला राष्ट्रीय करायचा म्हणजे काय करायचे?

पोराने शेरा वाचला आणि मला विचारले की, आता शिवाजी महाराज काढू का? काढ म्हटले, जरूर काढ. महाराजांना कुणाच्या शेऱ्याची गरज नाही, पण घोडा नीट काढ. मग त्याने दिवाळीत अंगणात किल्ला केला, त्यावर मावळे मांडले आणि मागच्या बुरुजावर, कुणाला दिसू नये असा, एक प्लास्टिकचा सुपरमॅन पहाऱ्याला ठेवला. आजीने विचारले हा कोण, तर म्हणाला, "रातपाळीचा हाय."

त्याचे ते चित्र मी चौकटीत बसवून चित्रकलेच्या खोलीत फळ्याच्या वर लावले आहे. शेऱ्याची बाजू भिंतीकडे आहे. ते काढावे अशी तोंडी सूचना मला दोनदा आली आहे. लेखी आली तर उत्तर देईन. दरम्यान ज्यांना ते स्वतःच काढायचे असेल त्यांनी येताना शिडी घेऊन यावी; मी खिळा बराच उंच ठोकला आहे.